गरज फक्त देवालाच सांगायची, की मंडळीलाही?

सारफथची | ३ जून, रात्री ११.४०

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

बरीच वर्षं इथे फक्त वाचते. आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही नगरचे. हे एमआयडीसीतल्या एका कंपनीत सात वर्षं होते, ठेकेदारामार्फत. एप्रिलच्या शेवटी एकवीस जणांना "उद्यापासून येऊ नका" म्हणून सांगितलं, त्यात हेही. पगार १९,००० होता. मी घरून डबे देते. सध्या सहा डबे आहेत, एका डब्याचे महिन्याला २,४००. गॅस, किराणा, भाजी वजा जाता हातात साडेसहा हजार उरतात. घरभाडं ५,०००. मोठी दहावीत, धाकटा सहावीत. फीचा पहिला हप्ता १५ जूनला, दोघांचा मिळून ११,५००.

हिशेब मांडला तो इथे मदत मागायला नाही, कृपा करून तसं समजू नका. माझा प्रश्न वेगळा आहे.

काल रात्री पिठाचा डबा काढला तर वाटी तळाला खरवडली. तो आवाज यांनी बाहेरच्या खोलीत ऐकला. काही बोलले नाहीत. उठून आत आले आणि म्हणाले, प्रार्थना करू. ओट्यापाशी उभं राहूनच केली. प्रभूची प्रार्थना म्हणताना "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथे आलो आणि माझा आवाजच फुटेना. लहानपणापासून ही ओळ म्हणत आलेय. मागितली मात्र काल पहिल्यांदा.

यांचं म्हणणं, ही गोष्ट देव आणि आपण यांच्यातच राहू दे. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, सांगितलं की भरवसा माणसांवर ठेवल्यासारखा झाला. मला ते पटतंही आणि नाहीही. रविवारी उपासना सुटल्यावर बायका विचारतात, "कसं चाललंय?" मी म्हणते, "देवाची कृपा." ते खोटं नाही. पण घरी येईपर्यंत घशात काहीतरी अडकल्यासारखं राहतं.

आणि दुसरं. डब्यांच्या पैशातून दशमांशाचे, म्हणजे देवाला द्यायच्या दहाव्या भागाचे, ६५० बाजूला काढून बायबलमध्ये ठेवलेत. ते फीत घालावेत का? यांना विचारायचं धाडस होत नाही.

उपास_प्रार्थना | ४ जून, पहाटे ५.५०

ताई, सलाम. भाऊंचं बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं.

अब्राहाम मोरियाच्या डोंगरावर निघाला तेव्हा त्याने कुणाचा सल्ला घेतला नाही. मुलाने विचारलं, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठाय? बापाने एवढंच सांगितलं की देव पाहून देईल. आणि त्या जागेचं नावच पडलं याव्हे-यिरे. आपण घराघरांत हे नाव भिंतीवर लावतो, पण चणचण आली की आधी फोन हातात घेतो.

माझी साक्ष सांगतो. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी घरमालकाने सामान बाहेर काढायची तारीख दिली होती. आम्ही नवराबायकोने तीन दिवस उपास-प्रार्थना केली. कुणाला एक अक्षर बोललो नाही, माझ्या सख्ख्या भावालाही नाही. चौथ्या दिवशी, ज्याला मी पाच वर्षांपूर्वी उसने दिले होते आणि सोडूनही दिले होते, तो माणूस दारात उभा. भाड्याला पुरून वर तेलाचा डबा आला. त्या दिवसापासून माझा निश्चय आहे की तोंड फक्त प्रभूपुढे उघडायचं. जॉर्ज म्युलरनेही हेच केलं.

दशमांशाला हात लावू नका. मलाखीच्या पुस्तकात देव स्वतः म्हणतो, दशमांश आणा आणि माझी प्रतीती पाहा. 

जुना_शिक्षक | ४ जून, सकाळी ९.१५

सारफथची बाई, सलाम. तुम्ही घेतलेलं नाव फार बोलकं आहे. बायबलमधल्या सारफथच्या त्या विधवेच्या मडक्यातही मूठभरच पीठ उरलं होतं.

उपास_प्रार्थना बंधू, तुमच्या साक्षीबद्दल देवाची स्तुती. ती तुमची आहे, तिच्यावर मी काही बोलणार नाही. पण म्युलरांचं नाव आलं म्हणून थोडं लिहितो. बरीच वर्षं शब्बाथ शाळेत मीही ही गोष्ट सांगत आलो आणि बरीच वर्षं अर्धीच सांगत आलो.

म्युलर मूळचे जर्मन, १८०५ चा जन्म, काम सगळं इंग्लंडात ब्रिस्टलला. अ‍ॅशली डाउनवर त्यांनी अनाथ मुलांसाठी पाच मोठी घरं उभारली. पहिलं १८४९ साली उघडलं, पाचवं १८७० साली. हयातीत सुमारे दहा हजार मुलं सांभाळली. कुणा माणसाकडे पैसे मागायचे नाहीत आणि कर्ज काढायचं नाही, हे दोन नियम त्यांनी अखेरपर्यंत पाळले. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं.

आता राहिलेली अर्धी. म्युलर जमाखर्च छापून वर्षाच्या वर्षाला लोकांपुढे ठेवत. किती आलं, कशासाठी आलं, कोणत्या दिवशी तिजोरीत काही नव्हतं आणि संध्याकाळपर्यंत काय आलं, सगळं. ते वाचून हजारो लोकांना कळे की इथे रोजच्या रोज गरज असते. त्यांना याची जाणीव होती. १८४१ च्या डिसेंबरात चणचण होती, तेव्हा त्यांनी वार्षिक सभा आणि अहवाल दोन्ही पुढे ढकलले, का तर अहवाल वाचला की तो मागण्यासारखा होईल. त्या माणसाच्या सचोटीपुढे मी नमतो. पण यातून हेही दिसतं की गरज कळणं आणि मदत येणं यांत नातं आहे, आणि म्युलरांना ते पक्कं ठाऊक होतं. आलेली प्रत्येक पौंडाची नोट कुणातरी माणसाच्या खिशातूनच आली.

दुसरं माणूस आपल्या जवळचं. दौंड तालुक्यातलं केडगाव तुमच्यापासून गाडीने काही तासांवर. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात उपासमारीने गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ देशभर पायी भटकले. झेलम नदीच्या काठी थंडीपासून वाचायला दोघांनी वाळूत कबरीसारखे खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेऊन रात्र काढली, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. ज्या घरातलं सगळं किडूकमिडूक देवाधर्मावर गेलं आणि तरी घास आला नाही, त्या घरातली ही मुलगी. पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी म्युलर, हडसन टेलर आणि जॉन पेटन या मिशनऱ्यांची चरित्रं वाचली आणि त्यांच्या मनात प्रश्न उठला, देवाच्या भरवशावर असं काम हिंदुस्थानातही घडेल का?

तेव्हा काळ असा होता: १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी त्यांचं शारदा सदन सुरू झालं होतं, अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं आणि ती मुदत १८९८ ला संपत आली होती. अशा वेळी, १८९६ च्या दुष्काळात, हात आखडता घ्यायचं सोडून बाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. उपाशी मुलीचे डोळे कसे दिसतात हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

पण बाई, हेही पाहा. त्यांनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं चालवलं. दुष्काळातल्या मुलींची हकिकत पत्रांतून जगाला कळवली. देवावर भरवसा टाकायचा म्हणून त्यांनी शेजाऱ्यापासून काही लपवलं नाही.

म्हणून माझं उत्तर, तुम्ही मंडळीत सांगा. सगळ्यांना नाही, एका माणसाला. पण सांगा.

सारफथची | ४ जून, दुपारी २.०५

सर, डब्यांची भांडी घासून आत्ता वाचलं. झेलमच्या काठचं वाचताना हात थांबला. मी रमाबाईंचं नाव शाळेपासून ऐकते, हे माहीत नव्हतं.

कोरडवाहू | ४ जून, रात्री ८.३०

सलाम. मी नेवाशाकडचा. शेती साडेतीन एकर, विहिरीला पाणी जानेवारीपर्यंत.

भरवसा हा शब्द आम्ही दर जूनमध्ये वापरतो. बियाणं घरात खायला चालतं, बाजरीच ती. ती उचलून मातीत टाकायची आणि वर पाहत बसायचं. माझी आजी पेरणीच्या आधी मूठभर बी हातात धरून प्रार्थना करायची. पण तिने पाळी घातल्याशिवाय, तण काढल्याशिवाय कधी पेरू दिलं नाही.

ताईंच्या प्रश्नावर मला बायबलमधल्या रूथची गोष्ट आठवते. आमच्याकडे अजून सरवा वेचतात. भुईमूग काढून झाला, कांदा काढून झाला की वाडीवरच्या बायका येतात, मागे राहिलेलं वेचतात. कुणी अडवत नाही. शास्त्रात ते नियम म्हणून आहे, शेताचे कानेकोपरे कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि उपऱ्याचं. रूथ त्या नियमाने पोटाला मिळवायला गेली. घरात बसून राहिली नाही आणि कुणाच्या दारात हातही पसरला नाही.

आणि शेताचा मालक बवाज काय करतो? गड्यांना सांगतो, तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम कणसं काढून टाका, आणि तिला रागे भरू नका. मला वाटतं, तिला कळणार पण नाही अशी. हे मी स्वतः करून पाहिलंय. गेल्या वर्षी कांद्याच्या काढणीत एक विधवा बाई आमच्या वाफ्यात वेचत होती. मी पोराला म्हटलं, त्या कोपऱ्यात जरा सैल हाताने काढ. ती संध्याकाळी डोक्यावर गाठोडं घेऊन गेली तेव्हा ताठ गेली.

ताई, तुम्ही कुणालाच सांगितलं नाही तर बवाजाला कसं कळावं कुठल्या कोपऱ्यात टाकायचं?

पाळकाची_लेक | ४ जून, रात्री १०.२०

कोरडवाहू दादा, हे वाचून डोळे भरले.

मी पाळकाच्या घरात वाढले. बाबांचा पगार दोन-दोन महिने पुढे जायचा. मंडळी गरीब, त्यात कुणाचा दोष नव्हता. आणि आमच्या घरात गरज न सांगणं हा जणू अकरावा हुकूम होता. पाळकाच्या घरी उणं आहे हे दिसलं तर लोकांचा विश्वास डळमळेल, असं बाबांना वाटायचं.

एक चित्र अजून जात नाही. बाहेरगावचे उपदेशक जेवायला यायचे. आई एक अंडं उकडायची आणि शिवणाच्या दोऱ्याने त्याचे चार भाग करायची. सुरीने कापलं तर बलक सुरीला लागून वाया जातो, दोऱ्याने सांडत नाही. चार भाग पाहुण्यांच्या आणि बाबांच्या रश्शात जायचे. रस्सा भरपूर आणि वर अंड्याचा काप दिसतोय म्हटलं की ताट भरलेलं वाटतं. आम्हा तिघांना ती सांगायची, तुम्ही आधीच जेवलात असं म्हणा. आम्ही म्हणायचो. पाळकाची मुलं, पाहुण्यांपुढे खोटं बोलायचो, आणि ते विश्वासाच्या नावाने.

पुढे मोठेपणी लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणी वाचल्या आणि आई कळली. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा गट काढला. त्याआधीही हाती आलेलं दुसऱ्याला देऊन मोकळे. मला टिळकांबद्दल अपार आदर आहे, आमच्या घरात त्यांची भजनं रोज असायची. पण विश्वास टिळकांचा आणि चूल लक्ष्मीबाईंची, हे कुणीतरी म्हणायला हवं. "देव देईल" असं ज्याने म्हणायचं आणि ज्याने डब्यात वाटी घालायची ती दोन माणसं वेगळी असतील, तर म्हणणाऱ्याने घालणाऱ्याला आधी विचारावं.

सारफथची ताई, तुमचे मिस्टर चांगले आहेत, वाटीचा आवाज ऐकून ते उठले. म्हणूनच सांगते, दशमांशाचं त्यांना विचारा. त्या ६५० चं ओझं एकटीने बाळगू नका.

हिशेबनीस | ५ जून, सकाळी ७.३०

मी एका मंडळीत नऊ वर्षं खजिनदार आहे. थोडं व्यवहाराचं लिहितो.

बहुतेक मंडळ्यांत गरजूंसाठी वेगळा निधी असतो. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या रविवारचं खास अर्पण त्यात जातं. कुणाला दिलं हे पाळक आणि खजिनदार या दोघांनाच ठाऊक, वहीत नाव नसतं, आकडा असतो. गेल्या वर्षी त्यातली निम्मी रक्कम तशीच पडून राहिली. गरज नव्हती म्हणून नव्हे, कुणी बोललंच नाही म्हणून. त्या पेटीतला पैसा देवाला दिलेला आहे. तो तिथे पडून राहावा यासाठी म्हाताऱ्या आजीबाईंनी पेन्शनमधले दहा रुपये टाकलेले नसतात.

दुसरं. भाऊंची सात वर्षं सलग झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, ठेकेदारामार्फत असले तरी. वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे, मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर. तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पीएफ कापला जात होता ना? नोकरी गेल्यावर त्यातली मोठी रक्कम काढता येते. ईएसआय कार्ड असेल तर बेकारी भत्त्याची चौकशी त्यांच्या कार्यालयात करा, अटी तिथेच नीट कळतील. एकवीस जण मिळून गेलात तर जास्त बरं. घामाचं मागणं यात अविश्वास नाही. याकोबाच्या पत्रात कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आणि ती आरोळी सेनाधीश प्रभूच्या कानी जाते असं आहे.

शाळेत मुख्याध्यापकांना भेटून हप्ते पाडून मागा. फीसाठी व्याजाने पैसे मात्र काढू नका. दिवसाच्या व्याजाने देणारे असतात त्यांच्यापासून तर लांबच राहा. घर मोडतं.

दशमांशाबद्दल खजिनदार म्हणून माझं मत विचाराल तर, तीमथ्याच्या पहिल्या पत्रात पौलाने घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी फार कडक लिहिलंय. बाकी तुमचं मन आणि देव.

बेथसैदा | ५ जून, दुपारी १२.१०

मोबाइलवर एक उपदेशक सांगतात की अडचणीत असाल तेव्हाच हजार रुपयांचं "बी" पाठवा, शंभरपट येईल. माझ्या मावशीने मंगळसूत्र गहाण टाकून पाठवले. हे शास्त्रात आहे का?

जुना_शिक्षक | ५ जून, दुपारी १२.४५

नाही. मावशींचं मंगळसूत्र आधी सोडवा, जमेल तसं. आणि त्यांना रागावू नका, त्या देवाकडेच गेल्या होत्या.

वसईचा | ५ जून, रात्री ९.००

जय येशू. मी कॅथलिक, तरी लिहितो.

आमच्या पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचं काम आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ते सुरू केलं. आमची पद्धत अशी की दोघंजण घरी जातात. एकटं कुणी जायचं नाही, आणि पाकीट देऊन निघायचं नाही. बसायचं, चहा घ्यायचा, पोरांची चौकशी करायची. शिकाऊ असताना मी पहिल्यांदा गेलो ते घर आठवतं. एक म्हातारे गृहस्थ, पूर्वी त्यांची केळीची वाडी होती. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः उभे राहिले. माझ्याबरोबरचे काका तेव्हा जमिनीवर बसले, मग मीही बसलो, मग ते गृहस्थ बसले आणि बोलायला लागले. पाकिटाची गोष्ट अर्ध्या तासाने निघाली.

घेणाऱ्याला लाज वाटू नये याची जबाबदारी देणाऱ्यावर असते, एवढं मला त्या दिवशी कळलं. ताईंच्या मंडळीत हे शिकवलं जातं का मला माहीत नाही. पण ताईंना बोलायला जड जातंय यात त्यांच्या विश्वासाचा काही कमीपणा नाही.

मिझोरामला गेलो होतो तेव्हा पाहिलं, तिथल्या प्रेस्बिटेरियन घरांत बायका दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढतात. १९१० पासून चालू आहे. त्यातून केवढं काम उभं राहिलंय. मूठ प्रत्येकीची असते, ज्या घरात कमी शिजतं तिथलीसुद्धा.

रात्रपाळी | ६ जून, पहाटे ३.२०

वॉर्ड शांत आहे म्हणून लिहितेय.

तुम्ही सगळे देव कसा पुरवतो ते लिहिताय. मी न पुरवलेलं लिहिते.

माझा भाऊ ३४ वर्षांचा होता. मूत्रपिंडाचा आजार. आम्ही देवालाही सांगितलं आणि मंडळीलाही. दोन्ही केलं. मंडळीने झोळी फिरवली, लोकांनी अंगठ्या काढून दिल्या. साखळी-प्रार्थना झाल्या. मी स्वतः नर्स, कुठे अर्ज करायचा ते सगळं मला ठाऊक, ते सगळे अर्ज मी केले. लागणाऱ्या रकमेच्या अर्ध्यापर्यंत आलो तेव्हा तो गेला. उरलेले पैसे परत द्यायला मी घरोघरी गेले. कुणी घेईना.

दफनानंतर एक ओळखीच्या बाई म्हणाल्या, कुठेतरी विश्वास कमी पडला असेल. त्या वाईट नाहीत, आजही भेटतात. पण तेव्हापासून मी प्रभूची प्रार्थना मंडळीबरोबर म्हणते आणि "आमची रोजची भाकर" आलं की गप्प होते. पुढच्या ओळीला परत सुरू करते. तीन वर्षं झाली.

उपास_प्रार्थना दादा, चौथ्या दिवशी तुमच्या दारात माणूस आला. माझ्या दारात तो आला नाही. तुमची साक्ष खोटी आहे असं मी म्हणत नाही. माझ्यासारखीने ती वाचून काय करायचं एवढंच विचारते.

उपास_प्रार्थना | ६ जून, पहाटे ५.४५

ताई, प्रार्थनेला बसण्याआधी तुमचं वाचलं आणि मग प्रार्थनेला बसता आलं नाही.

मला उत्तर नाही. मी ही साक्ष किमान पन्नास वेळा उभं राहून सांगितली असेल. समोर तुमच्यासारखं कुणी बसलं असेल हे माझ्या मनात कधी आलं नाही. मला क्षमा करा. तुमच्या भावाचं नाव नका सांगू, पण मी त्याच्या बहिणीसाठी रोज पहाटे प्रार्थना करीन. तुम्ही ज्या ओळीला गप्प राहता ती ओळ तुमच्याकडून कुणी जबरदस्तीने म्हणवून घेऊ नये.

जुना_शिक्षक | ६ जून, सकाळी १०.००

रात्रपाळी बाई, हबक्कूकच्या शेवटच्या अध्यायात अंजिराला फुलोरा नाही, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वरात आनंद करीन असं आहे. मी हा उतारा अनेक अंत्यविधींत वाचला. माझी पत्नी गेली तेव्हा पाळकांनी तोच वाचायला घेतला आणि मी त्यांना हाताने थांबवलं. त्या दिवशी मला तो ऐकवेना. पुढे वर्षभराने मी एकट्याने वाचला. म्हणून तुम्हाला आत्ता वाचा म्हणत नाही.

पौल फिलिप्पैकरांना लिहितो तेव्हा तुरुंगात आहे. "माझा देव तुमची सर्व गरज पुरवील" हे आपण कॅलेंडरवर छापतो. त्याच पत्रात थोडं आधी तो म्हणतो की भुकेलं राहणंही मी शिकलोय. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची. ती एकत्र कशी बसतात हे मला अजून पुरतं कळलेलं नाही, वय ७१ आहे.

सारफथची बाई, एक राहिलं होतं. रानात देवाने आकाशातून दिलेला मान्ना गोळा करताना कुणी जास्त गोळा केला, कुणी कमी, पण मोजल्यावर कुणाला उरला नाही आणि कुणाला कमी पडला नाही. पौलाने हीच ओळ करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात घेतली, आठव्या अध्यायात. कुठे? यरुशलेमातल्या गरजू मंडळीसाठी वर्गणी गोळा करताना. आता आकाशातून पडत नाही, एका मंडळीच्या विपुलतेने दुसरीची उणीव भरते, असं तो समजावतो. आणि उलटही, उद्या त्यांची विपुलता तुमच्या कामी येईल. भाऊंना हा अध्याय दाखवून पाहा. वाद घालायला नको, नुसता सोबत वाचा.

सारफथची | १८ जून, रात्री १०.५०

सर्वांना सलाम. उशीर झाला, कारण सांगण्यासारखं काही होईपर्यंत थांबले.

सरांनी सांगितलेला अध्याय आम्ही दोघांनी वाचला. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्याकडे होतं तेव्हा आपण दिलं ना? तेव्हा घेणाऱ्याचा विश्वास कमी आहे असं मला वाटलं नव्हतं." त्या रात्री मी ६५० चंही सांगितलं. त्यांनी बायबल उघडून पाकीट पाहिलं आणि ठरलं की या महिन्यात त्यातले शंभर अर्पणात जातील, बाकी फीत. हे बरोबर की चूक, मला माहीत नाही. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं एवढं खरं.

पाळकसाहेबांकडे हेच गेले. मला वाटलं होतं मलाच जावं लागेल. परत आले तेव्हा डोळे लाल होते, पण खांदे उतरले होते, मला नीट सांगता येत नाही, महिनाभराने ते खाली आले. निधीतून ४,००० मिळाले. शाळेने दोन हप्ते करून दिले, त्यातला पहिला भरला.

ग्रॅच्युइटीचा अर्ज दिलाय. एकवीसपैकी चौदा जण बरोबर होते. पोच मिळाली, पैसे अजून नाहीत. नोकरी अजून नाही. हे सध्या एका ओळखीच्यांकडे रंगकामाला जातात, रोजाने, आठवड्यातले तीन-चार दिवस.

आणि कोरडवाहू दादा, तुमच्यासाठी. आमच्या महिला मंडळातल्या एक मावशी आहेत. त्यांच्या नातवाच्या बाप्तिस्म्याचं जेवण होतं, साठ माणसांचं. त्या मला म्हणाल्या, "बाहेर सांगितलंय, पण भाकऱ्या तुझ्या हातच्या हव्यात, दोनशे कर." दराचं विचारलं तर त्यांनीच दर सांगितला आणि तो बाजारापेक्षा जास्त होता. मी म्हटलं मावशी, एवढा नको. त्या म्हणाल्या, "अगं, मऊ असतात तुझ्या." माझ्या भाकऱ्या त्यांनी याआधी कधीच खाल्लेल्या नाहीत, दादा. मला तेव्हा तुमचा तो कोपरा आठवला. मी काही बोलले नाही, दोनशे केल्या. मोठीने पीठ चाळून दिलं, रात्री दोनपासून थापत होते.

कोरडवाहू | १९ जून, सकाळी ६.१५

ताई, देवाचे उपकार. आमच्याकडे काल रात्री पहिला पाऊस झाला, ओल चार बोटं गेलीय. अजून एक पाहिजे.

पाळकाची_लेक | १९ जून, सकाळी ९.४०

ताई, "हेच गेले" हे वाक्य मी तीनदा वाचलं.

सारफथची | २३ जून, रात्री ९.३०

रात्रपाळी ताई, तुम्ही त्यानंतर इथे लिहिलं नाही, म्हणून तुमच्यासाठी एवढंच.

काल उपासनेत प्रभूची प्रार्थना आली. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" ही ओळ मंडळीबरोबर म्हटली आणि मंडळी पुढे गेली तेव्हा मी मागे राहून ती परत एकदा हळू म्हटली. एक आमच्या घरची होती. दुसरी तुमच्या वाटची होती, तुम्ही म्हणत नाही तोवर ती माझ्याकडे राहू दे.

रात्रपाळी | २४ जून, पहाटे ४.०५

वाचलं ताई. राहू दे तुमच्याकडे.